लिब्रेऑफिस: बग पकडण्यापासून पॅच मर्ज होईपर्यंत

लिब्रेऑफिस म्हणजे रायटर, कॅल्क असे भाग असलेला, खुल्या सोर्सचा ऑफिस संच. त्याच्या कामात उतरू पाहणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी सोर्स कोड उतरवून घेतात, रात्रभर बिल्ड लावतात (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधतात) आणि सकाळी तयार झालेल्या बिल्डकडे बघत बसतात. पुढे काय करायचं हे ठाऊक नसतं. क्रम उलटा ठेवा. बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, पॅच म्हणजे तिची दुरुस्ती, आणि मर्ज म्हणजे ती मूळ कोडमध्ये घेतली जाणं. आधी एक बग निवडा, तो म्हणाल तेव्हा घडवून दाखवता येईल इतका काबूत आणा, आणि मगच कोडला हात लावा. काही दशलक्ष ओळींचा हा कोड पहिल्या पानापासून वाचून कोणालाच कळलेला नाही. जो तो आपापल्या बगच्या मागोमाग आत शिरला आहे.

एक सूचना आधीच. या लेखात कमांड, फाइलींची नावं आणि पर्याय देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत टाइप करायचे. 'एसएएल' किंवा 'एसडब्ल्यू_डीबग' यांनी सुरू होणारी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स मोठ्या अक्षरांत, बाकी कमांड लहान अक्षरांत. 'युजरइन्स्टॉलेशन'मधले यू आणि आय, आणि 'एसएएल_लॉग'मधले 'इन्फो' आणि 'वॉर्न' मात्र मोठ्या अक्षरांत.

सुरू करण्याआधी काय जमवायचं

- ६४ बिटचं मशीन. ८ जीबी रॅममध्ये रडतखडत चालतं, १६ जीबी असेल तर बरं. एसएसडीवर निदान ५० जीबी रिकामी जागा हवी.
- लिनक्स असेल तर वाट सर्वांत सोपी. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओसोबत सिग्विन किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजवर लिनक्सची साधनं चालवायची सोय) लागतं.
- बगझिलावर (बगच्या नोंदींची जागा) खातं, गेरिटवर (पॅच पाठवून तपासून घेण्याची जागा) खातं आणि एक एसएसएच की (ओळख पटवणारी फाइल).
- गिटची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) रोजची ओळख: ब्रँच, कमिट, रिबेस, अमेंड.
- सी++ वाचता येणं. लिहिता आलंच पाहिजे अशी अट पहिल्या चार पायऱ्यांना नाही.
- इंग्रजी भाषेत लावलेला इंटरफेस. का, ते सहाव्या पायरीत कळेल.

१. बगझिलात हात घाला, पण अदबीने

लिब्रेऑफिसमागची संस्था असलेल्या द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिलात नवी नोंद 'अनकन्फर्म्ड' अवस्थेत येते. दुसऱ्या कोणीतरी आपल्या मशीनवर तोच बग घडवून पाहिला की ती 'न्यू' होते. हे 'दुसऱ्या कोणीतरी' महत्त्वाचं: स्वतः नोंदवलेला बग स्वतःच 'न्यू' करायचा नसतो. सुरुवातीचं सर्वांत उपयोगी काम हेच आहे. अनकन्फर्म्ड नोंदी उघडा, दिलेल्या पायऱ्या करून पाहा आणि जे दिसलं ते लिहा. 'माझ्याकडेही होतं' एवढंच लिहून उपयोग नाही. हेल्प मेनूतल्या अबाउट खिडकीत आवृत्तीची माहिती कॉपी करायचं बटण आहे. तिथला सगळा मजकूर जसाच्या तसा डकवा. त्यात बिल्डचा हॅश (ओळख सांगणारा कोड), ऑपरेटिंग सिस्टिम, लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग), 'व्हीसीएल' समोर खिडक्या रेखाटणारी लायब्ररी म्हणून जीटीके३ आहे की दुसरं काही, आणि रेंडरिंग स्किया या चित्रणाच्या लायब्ररीवर चाललंय का, हे सगळं येतं. चित्र फाटणं किंवा अक्षरं गायब होणं यांसारख्या बगमध्ये तर निम्मं उत्तर या ओळींतच सापडतं.

नवखे हटकून इथे चुकतात:

- 'व्हर्जन' हा रकाना. त्यात बग ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीत दिसतो ती लिहायची असते. 'मी आज २४.८ वर पाहिलं' म्हणून तो रकाना बदलू नका. नव्या आवृत्तीवरही बग आहे हे टिप्पणीत लिहा.
- एका नोंदीत तीन बग. एक नोंद, एक बग. तीन असतील तर तीन नोंदी करा.
- 'नीडइन्फो' विसरणं. माहिती कमी असली की नोंद नीडइन्फोत जाते. काही महिने उत्तर आलं नाही तर ती बंद होते. उत्तर दिल्यावर अवस्था पुन्हा 'अनकन्फर्म्ड' करायची असते, आणि नेमकं तेच राहून जातं.
- आधीच असलेली नोंद न शोधणं. फाइलीच्या प्रकाराने, मेनूतल्या इंग्रजी नावाने आणि क्रॅश असेल तर फंक्शनच्या नावाने, अशा तिन्ही वाटांनी शोधा.

प्रोग्रॅमिंगचं काम निवडताना 'ईझीहॅक' (नवख्यांना जमतील अशी कामं) हा कीवर्ड लावून गाळा. त्यासोबत 'डिफिकल्टीबिगिनर' आणि 'स्किलसीपीपी' किंवा 'स्किलपायथॉन' असे कीवर्ड असतात. नोंद आपल्या नावावर लावण्याची घाई मात्र करू नका. नाव लावून महिनोन्‌महिने गप्प बसणाऱ्यांमुळे चांगले ईझीहॅक अडकून पडतात. आधी काहीतरी चालतं करा, मग नाव लावा.

२. बग काबूत आणा

पहिली शंका स्वतःच्या प्रोफाइलवर, म्हणजे लिब्रेऑफिसने जपलेल्या तुमच्या सेटिंगांवर, घ्या. जुने एक्स्टेंशन, बिघडलेली सेटिंग आणि कधीकाळी बदललेला शॉर्टकट यांच्यामुळे 'बग' दिसतात. हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करून पाहा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक चाचणीला कोरं प्रोफाइल द्या: 'एसऑफिस' या कमांडला '-एन्व्ह:युजरइन्स्टॉलेशन=फाइल:///टीएमपी/चाचणी१' हा पर्याय जोडायचा. तीन तिरप्या रेघा आहेत, दोन नव्हेत. तुमचं रोजचं प्रोफाइल बाजूला सुरक्षित राहतं आणि दोन आवृत्त्या एकाच वेळी उघडताही येतात.

मग फाइल बारीक करत जा. ८० पानांच्या अहवालात तक्ता फुटत असेल तर अहवालाची प्रत करा, निम्मी पानं उडवा आणि पाहा. बग राहिला तर आणखी निम्मी उडवा, गेला तर दुसरा अर्धा भाग घ्या. सहा-सात फेऱ्यांत एक परिच्छेद नि एक तक्ता उरतो. डॉकएक्स ही मुळात झिप फाइल आहे. ती उलगडून आतली 'डॉक्युमेंट.एक्सएमएल' वाचता येते. ओडीटी, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या स्वरूपातली फाइल, असेल तर ती 'फ्लॅट' स्वरूपात, म्हणजे 'एफओडीटी' म्हणून जतन करा. सगळा दस्तऐवज एकाच एक्सएमएल फाइलीत येतो आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये एकेक गुणधर्म काढून बघता येतो. इथवर आलात की बऱ्याचदा दोषी गुणधर्म नावासकट समोर असतो.

कोणाचे पगारपत्रक, रुग्णाचा अहवाल किंवा ऑफिसची निविदा नोंदीला जोडू नका. बगझिलातली जोडफाइल जगाला दिसते. मजकूर बदलून 'अबक अबक' केला तरी बग तसाच राहतो का, ते पाहून तीच प्रत जोडा.

क्रॅश असेल तर लिनक्सवर 'एसऑफिस --बॅकट्रेस' असं सुरू करा. प्रोग्रॅम जीडीबी या डीबगरखाली (चालता प्रोग्रॅम थांबवून आत पाहण्याचं साधन) चालतो आणि कोसळला की 'जीडीबीट्रेस.लॉग' या फाइलीत फंक्शनची रांग उतरते. डीबग सिम्बॉल (फंक्शनांची नावं सांगणारी माहिती) नसतील तर त्या रांगेत नुसती प्रश्नचिन्हं येतात. तसला बॅकट्रेस जोडण्यात अर्थ नाही.

३. देवनागरीचे बग: इथे तुम्ही इतरांच्या पुढे आहात

लिब्रेऑफिस प्रत्येक मजकुराची तीन गटांत वाटणी करतं: पाश्चात्त्य, पूर्व आशियाई आणि 'सीटीएल', म्हणजे जुळणीची गुंतागुंत असलेल्या लिपी. मराठी तिसऱ्या गटात येते. प्रत्येक गटाचा फॉन्ट, आकार, ठळकपणा आणि भाषा वेगळी साठवली जाते. डॉकएक्समध्ये अक्षराचा आकार 'डब्ल्यू:एसझेड' मध्ये असतो, पण मराठीसाठी 'डब्ल्यू:एसझेडसीएस' वाचला जातो. दोन्ही अर्ध्या पॉइंटात मोजतात, म्हणजे १२ पॉइंटला २४. ओडीएफमध्ये, म्हणजे ओडीटीसारख्या फाइलींत, त्याच गुणधर्माच्या नावाला '-कॉम्प्लेक्स' ही शेपटी लागते. कोणी युरोपातला विकासक पाश्चात्त्य गटाची वाट दुरुस्त करतो आणि सीटीएलची वाट तशीच राहते. त्याच्या मशीनवर ती कधी चालतच नाही. त्यामुळे कुठलीही नवी दुरुस्ती दिसली की तीच फाइल मराठी मजकूर घालून तपासणं, हे एकटं कामही मोलाचं आहे.

नोंद करण्याआधी मात्र पुढचे खोटे बग ओळखायला शिका:

- बॅकस्पेस आणि डिलीट वेगळे वागतात. 'क्षि' मध्ये चार कोड पॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आहेत: क, हलंत, ष, वेलांटी. बॅकस्पेस मागून एकेक काढतो, डिलीट पुढचं अख्खं जोडाक्षर उडवतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे.
- 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. काही फॉन्टांत मराठी वळणाचे आकार वेगळे दिलेले असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' असेल तरच ते निवडले जातात. आधी सीटीएलची भाषा हिंदी लागलेली नाही ना, ते पाहा.
- 'ऱ्या' शोधून सापडत नाही. 'ऱ' हे एकच अक्षर म्हणून, यू+०९३१, टाइप होतं, किंवा र आणि नुक्ता असे दोन मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. नोंदीत कोणता क्रम आहे ते लिहा. कर्सर अक्षरामागे ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं की कोड दिसतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं.
- कंसाचा फॉन्ट बदलतो. स्पेस आणि बरीच विरामचिन्हं कोणत्याच गटाची नसतात, शेजारच्या मजकुराचा गट घेतात. इंग्रजी शब्दाला चिकटलेला कंस इंग्रजी फॉन्टमध्ये जातो.

आकार जुळवण्याचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते. तोच फॉन्ट आणि तीच अक्षरं ब्राउझरमध्येही चुकत असतील तर दोष बहुधा फॉन्टचा असतो. नोंद त्या फॉन्टकडे करा, इथे नको. मराठी लोकॅलची माहिती, म्हणजे महिन्यांची नावं, तारखेचे साचे, चलन, 'आय१८एनपूल' या मॉड्यूलमध्ये 'एमआर_आयएन.एक्सएमएल' या फाइलीत आहे. इंटरफेसच्या भाषांतरातली चूक मात्र कोडमध्ये दुरुस्त करत नाहीत. ती वेबलेट या भाषांतराच्या वेबसाइटवर करायची. कोडमधली भाषांतराची फाइल बदलून पॅच पाठवलात तर तो नाकारला जाईल.

४. कधी बिघडलं ते शोधा: बायबिसेक्ट

आधी चालत होतं, आता चालत नाही, अशा बगला 'रिग्रेशन' म्हणतात. असा बग सापडणं म्हणजे भाग्यच, कारण दोषी कमिट (गिटमध्ये नोंदलेला एक बदल) यंत्रासारखी शोधता येते, तीही काहीच कंपाइल न करता. यालाच बायबिसेक्ट म्हणतात. त्यासाठी तयार बायनरींची (आधीच बांधलेल्या प्रोग्रॅमांची) गिट रिपॉझिटरी, म्हणजे साठा, मिळते. मुख्य आवृत्तीच्या प्रत्येक फेरीची वेगळी असते, आणि प्रत्येक कित्येक जीबीची, म्हणून हवी तेवढीच उतरवा.

आधी संग्रहातून जुन्या आवृत्त्या घेऊन ढोबळ अंदाज बांधा: ७.३ वर ठीक, ७.४ वर बिघडलेलं. मग ७.४ ची बायबिसेक्ट रिपॉझिटरी घ्या आणि आत जाऊन 'गिट बायसेक्ट स्टार्ट मास्टर ओल्डेस्ट' द्या. आधी वाईट टोक, मग चांगलं, हा क्रम पाळा. गिट मधली एक बायनरी समोर ठेवतं. ती कोऱ्या प्रोफाइलने चालवा, बग पाहा आणि 'गिट बायसेक्ट गुड' किंवा 'गिट बायसेक्ट बॅड' सांगा. दहा हजार कमिट असल्या तरी १४ फेऱ्यांत शेवट गाठता येतो. एखादी बायनरी सुरूच होत नसेल तर 'स्किप' म्हणा. अंदाजाने 'गुड' मारू नका. एका खोट्या उत्तरामुळे शेवटी भलत्याच माणसाच्या कमिटवर बोट जातं.

निकालात मूळ सोर्स कमिटचा हॅश असतो. तो नोंदीत लिहा, 'बायबिसेक्टेड' आणि 'बायसेक्टेड' हे कीवर्ड लावा आणि त्या कमिटच्या लेखकाला सीसीत घ्या. भाषा साधी ठेवा: 'या बदलानंतर असं दिसतंय, पाहाल का?' एवढं पुरे. बग अगदी ३.३ मध्येही दिसत असेल तर तो ओपनऑफिसकडून वारशाने आलेला आहे. त्यासाठी व्हर्जनच्या यादीत वेगळी नोंद आहे.

५. बिल्ड

उबुंटूवर आधी सोर्स पॅकेजं चालू करा. २४.०४ मध्ये 'उबुंटू.सोर्सेस' फाइलीत 'टाइप्स: डेब' या ओळीला 'डेब-एसआरसी' जोडायचं. मग 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि 'सुडो ॲप्ट बिल्ड-डेप लिब्रेऑफिस'. फेडोरावर 'सुडो डीएनएफ बिल्डडेप लिब्रेऑफिस'. कंपाइलरची किमान आवृत्ती दर काही महिन्यांनी वर जाते, म्हणून जुन्या लेखांवर विसंबू नका, कोडमधलीच 'रीडमी.एमडी' वाचा.

कोड गेरिटवरून क्लोन करा, 'कोअर' या नावाची रिपॉझिटरी. उतरायला वेळ लागतो. नेट मंद आहे म्हणून '--डेप्थ १' लावलंत तर आता सुटका होईल, पण पुढे 'गिट ब्लेम' (कोणती ओळ कोणी बदलली) आणि 'गिट लॉग' (बदलांचा इतिहास) हात टेकतील. आणि या कोडमध्ये ती दोन हत्यारं डीबगरइतकीच लागतात.

मग मुळाशी 'ऑटोजेन.इनपुट' ही फाइल बनवा, एका ओळीवर एक पर्याय:

'--एनेबल-डीबीजीयुटिल'
'--विदाउट-जावा'
'--विदाउट-हेल्प'
'--विदाउट-मायस्पेल-डिक्ट्स'

पहिला पर्याय असर्शन (कोडच्या आतल्या 'हे असंच असलं पाहिजे' अशा अटी) आणि जास्तीच्या तपासण्या चालू करतो. जावा काढल्याने बेस या डेटाबेस प्रोग्रॅमचा काही भाग आणि थोडे विझार्ड जातात, सुरुवातीला त्यांची गरज नसते. 'सीकॅश' (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं साधन) बसवा आणि त्याला भरपूर जागा द्या, ३२ जीबी चालेल. दुसऱ्या बिल्डपासून फरक कळतो. लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडायला, रॅम पुरत नसेल तर '--एनेबल-एलडी=एलएलडी' किंवा मोल्ड वापरा, आणि '--विथ-पॅरललिझम=२' करून एका वेळची कामं कमी करा. रॅम संपली की कंपाइलर 'किल्ड' एवढंच म्हणून मरतो. लोक मग कोडमध्ये चूक शोधत बसतात.

'./ऑटोजेन.एसएच' आणि 'मेक'. दोन्ही साध्या युजरने चालवा, रूट म्हणून नाही. पहिल्या 'मेक'ला नेट लागतं, कारण बाहेरच्या लायब्ररींच्या संकुचित फाइली तेव्हाच उतरतात. साधं 'मेक' युनिट टेस्टही (छोट्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या) चालवतं. घाई असेल तर 'मेक बिल्ड-नोचेक'. चार कोरच्या लॅपटॉपवर पहिल्या बिल्डला काही तास धरून चाला. तेवढ्यात बगझिलातल्या पाच नोंदी तपासून होतात.

विंडोजवाल्यांनी दोन पथ्यं पाळावीत. कोडचा मार्ग आखूड आणि स्पेस नसलेला ठेवा, 'माय डॉक्युमेंट्स' छाप जागा नको. आणि बिल्डचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा, नाहीतर वेळ कितीतरी वाढतो.

६. लाखो ओळींतून ती एक ओळ शोधा

मॉड्यूलची दोन अक्षरी नावं आधी अंगवळणी पाडा. 'एसडब्ल्यू' म्हणजे रायटर, 'एससी' म्हणजे कॅल्क, 'एसडी' म्हणजे इम्प्रेस आणि ड्रॉ. यातला 'एस' स्टारचा आहे: हा कोड जर्मनीतल्या स्टार डिव्हिजनच्या स्टारऑफिसपासून चालत आला. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली, २००० मध्ये कोड खुला झाला आणि सप्टेंबर २०१० मध्ये लिब्रेऑफिस वेगळं निघालं. जुन्या फाइलींत जर्मन टिपा इतक्या होत्या की त्यांचं इंग्रजी करणं हाच कित्येक वर्षं एक ईझीहॅक होता. बाकी 'व्हीसीएल' खिडक्या आणि चित्रणाचं, 'एसएएल' ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलण्याचं, 'ओओएक्स' मायक्रोसॉफ्टच्या नव्या फाइली वाचण्या-लिहिण्याचं मॉड्यूल.

आता पत्ता काढायची खात्रीची रीत. इंटरफेस इंग्रजीत ठेवा, डायलॉगमधला नेमका शब्द टिपून घ्या आणि 'गिट ग्रेप' करा, म्हणजे तो कोडभर शोधा. इथे एक खोडी आहे. शॉर्टकटच्या अक्षराआधी '.यूआय' फाइलींत अधोरेषा असते आणि मेनूच्या नावांत टिल्ड, म्हणजे '~'. अख्खा शब्द शोधाल तर कधी कधी काही मिळणार नाही, कारण फाइलीत तो या चिन्हाने मध्येच तुटलेला असू शकतो. शब्दाचा एखादा तुकडाच शोधा, किंवा न तुटणारा दुसरा शब्द घ्या.

रायटरमधलं पान तोडणं, कंट्रोल-एंटर, उदाहरणाला घेऊ. 'ऑफिससीएफजी' मॉड्यूलमधल्या कमांडच्या याद्यांत त्याचं नाव '.यूएनओ:इन्सर्टपेजब्रेक' असं सापडतं. रायटरमध्ये त्याचा क्रमांक 'एफएन_इन्सर्ट_पेजब्रेक' या नावाने आहे. ते नाव ग्रेप केलं की 'यूआयबेस' खालच्या 'शेल्स' फोल्डरमधली 'केस' मिळते, आणि तिथून 'एसडब्ल्यूडब्ल्यूआरटीशेल::इन्सर्टपेजब्रेक' हे फंक्शन. मेनूपासून फंक्शनपर्यंत तीन उड्या. बहुतेक कमांडना हीच वाट आहे.

७. डीबगर आणि त्याच्या आधीची हत्यारं

'मेक डीबगरन' दिलं की जीडीबीत लिब्रेऑफिस तयार उभं राहतं. थेट 'जीडीबी एसऑफिस' करू नका. 'एसऑफिस' ही नुसती शेल स्क्रिप्ट आहे, खरा प्रोग्रॅम 'एसऑफिस.बिन'. चालू प्रक्रियेला जोडायचं असेल तेव्हाही 'एसऑफिस.बिन' चाच क्रमांक द्या. ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) लावताना 'पुढे लायब्ररी लोड झाल्यावर लावू का' असं जीडीबी विचारतं, तिथे 'वाय' म्हणा. रायटरची लायब्ररी तोवर चढलेलीच नसते.

मेनू उघडा असताना ब्रेकपॉइंट लागला तर माउस अडकून आख्खा डेस्कटॉप गोठल्यासारखा होतो. 'एसएएल_नो_माउसग्रॅब्स=१' ठेवून सुरू करा. तरीही अडकलंच तर दुसऱ्या टर्मिनलवरून जीडीबी मारा.

लॉगसाठी 'एसएएल_लॉग' मध्ये गाळणी लिहितात: '+इन्फो.एसडब्ल्यू+वॉर्न' म्हणजे रायटरची सगळी माहिती आणि बाकीच्यांचे फक्त इशारे. हे डीबग बिल्डमध्येच चालतं. स्वतःची छपाई करायला 'एसएएल_डीबग' आहे. पॅच पाठवण्याआधी त्या ओळी काढा.

रायटरच्या मांडणीचे बग, म्हणजे तक्ता पुढच्या पानावर जाणं, तळटीप हरवणं, डीबगरमध्ये एकेक ओळ चालून हाती लागत नाहीत. 'एसडब्ल्यू_डीबग=१' लावून डीबग बिल्ड सुरू करा. एफ१२ दाबलं की 'लेआउट.एक्सएमएल' आणि शिफ्ट-एफ१२ ला 'नोड्स.एक्सएमएल' चालू फोल्डरमध्ये पडते. बग होण्याआधीची आणि नंतरची फाइल घेऊन 'डिफ' काढा.

माप चुकत असेल तर कॅलक्युलेटर काढा. रायटर ट्विपमध्ये मोजतं: इंचाला १४४०, सेंटिमीटरला साधारण ५६७. चित्रं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: इंचाला २५४०. ओओएक्सएमएलमधली, म्हणजे डॉकएक्ससारख्या फाइलींतली, चित्रं ईएमयूत: इंचाला ९,१४,४००. एखादी वस्तू १.७६ पट मोठी किंवा ०.५७ पट लहान येत असेल तर कोणीतरी ट्विप आणि शतांश मिलिमीटर एकमेकांत मिसळले आहेत, एवढं डीबगर न उघडताच सांगता येतं.

वेगाचे बग डीबीजीयुटिल बिल्डवर मोजू नका. ते मुळातच संथ असतं. त्यासाठी सिम्बॉलसह साधं बिल्ड वेगळ्या फोल्डरमध्ये करा.

८. दुरुस्ती आणि तिची टेस्ट

प्रत्येक बगला मास्टरवरून नवी ब्रँच काढा. एकाच ब्रँचवर तीन दुरुस्त्या रचल्या तर गेरिटमध्ये त्या साखळीने अडकतात आणि पहिली थांबली की तिन्ही थांबतात. बदल जेवढा लहान तेवढा बरा. वाटेत दिसलेलं वाकडंतिकडं इंडेंटेशन सरळ करायचा मोह आवरा, ते वेगळ्या कमिटमध्ये.

एक मॉड्यूल बांधायला 'मेक एसडब्ल्यू.बिल्ड' पुरतं. 'इन्क्लूड' फोल्डरमधल्या, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या हेडरला हात लावलात तर मात्र अर्धं लिब्रेऑफिस पुन्हा कंपाइल होईल. तो प्रयोग रात्रीसाठी ठेवा.

टेस्ट मॉड्यूलच्या 'क्यूए' फोल्डरमध्ये असतात. शेजारच्या टेस्टची नक्कल करून सुरुवात करा: फाइल उघडा, पुन्हा जतन करा, अपेक्षित मूल्य ताडून पाहा. 'सीपीपीयुनिट_असर्ट_इक्वल' मध्ये अपेक्षित मूल्य आधी, मिळालेलं नंतर. उलटं लिहिलं तरी टेस्ट चालते, पण अपयशाचा संदेश दिशाभूल करतो. शेवटी दुरुस्ती काढून टेस्ट चालवा. ती पडली पाहिजे. पडली नाही तर ती काहीच तपासत नाही. दुरुस्तीशिवाय टेस्ट कोणत्या संदेशाने पडते, ते टिपेत लिहायचा इथे रिवाज आहे.

९. परवाना आणि गेरिट

पहिला पॅच मर्ज होण्याआधी परवान्याचं निवेदन लागतं: माझं आजवरचं आणि पुढचं सर्व योगदान एमपीएल २.० आणि एलजीपीएल ३ किंवा पुढच्या दुहेरी परवान्याखाली देत आहे, अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य विकासकांच्या मेल यादीवर पाठवायचं. ते ठरलेल्या शब्दांतच असू द्या. आयटी कंपनीत नोकरी असेल तर आधी नेमणुकीचा करार काढून वाचा. फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगणारी कलमं बऱ्याच करारांत असतात. तशी असतील तर लेखी परवानगी घ्या.

'./लॉगेरिट सेटअप' एकदा चालवा, मग './लॉगेरिट टेस्ट'. गेरिटचं एसएसएच २९४१८ या पोर्टवर असतं. कॉलेज आणि ऑफिसच्या नेटवर ते बऱ्याचदा बंद असतं. जोडणी नुसती लटकून राहिली तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा करून पाहा.

कमिटची पहिली ओळ 'टीडीएफ#' आणि बगचा क्रमांक, मग थोडक्यात काय केलं. एक ओळ रिकामी. पुढे काय बिघडलं होतं आणि का, ते लिहा. 'बग फिक्स केला' एवढं लिहिलेला पॅच कोणी गंभीरपणे वाचत नाही. पाठवायचं './लॉगेरिट सबमिट मास्टर' ने.

१०. रिव्ह्यू आणि त्यानंतर

जेनकिन्स हा आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर तुमचा पॅच लिनक्स, विंडोज, मॅकवर बांधून पाहतो. तुमच्याकडे जीसीसी या कंपाइलरने सुरळीत झालेलं बिल्ड तिथे क्लँग या दुसऱ्या कंपाइलरवर पडू शकतं. संदेशात 'एलओप्लगिन' असं दिसलं तर तो प्रकल्पाचा स्वतःचा नियम आहे. संदेश वाचा, त्यात बहुतेक वेळा उपायही असतो. तुम्ही स्पर्शही न केलेल्या भागातली टेस्ट पडली असेल तर ते जेनकिन्सचं लहरीपण असू शकतं. लॉग तपासून मगच पुन्हा चालवायला सांगा.

सुधारणा सुचवल्या गेल्या की नवी कमिट करू नका. 'गिट कमिट --अमेंड' करा आणि तळाची 'चेंज-आयडी' ओळ तशीच ठेवा. ती बदलली किंवा पुसली गेली की गेरिट त्याला नवाच पॅच समजतं आणि जुनी चर्चा मागे राहते. मर्ज व्हायला जेनकिन्सचा होकार आणि 'कोड-रिव्ह्यू +२' लागतो. आठवडाभर कोणी पाहिलं नाही तर 'गिट ब्लेम' मधून त्या फाइलीत अलीकडे काम केलेल्याचं नाव काढा आणि त्याला रिव्ह्यूअर म्हणून जोडा. लिबेरा चॅट या गप्पांच्या सेवेवरच्या 'लिब्रेऑफिस-डेव्ह' खोलीत विचारलं तरी चालतं. विचारताना 'हॅलो सर, एनीबडी देअर' असं लिहून वाट पाहत बसू नका. प्रश्न, लिंक आणि काय करून पाहिलं हे एकाच संदेशात टाका, आणि लगेच निघून जाऊ नका. युरोपात सकाळ होते तेव्हा आपल्याकडे दुपार असते.

मर्ज झाल्यावर बगझिलात आपोआप टिप्पणी पडते आणि ज्या आवृत्तीत दुरुस्ती येणार तिचा 'टार्गेट' लागतो. अवस्था 'रिझॉल्व्ड फिक्स्ड' मात्र तुम्हालाच करावी लागते. चालू स्थिर आवृत्तीतही दुरुस्ती हवी असेल तर गेरिटमधून त्या ब्रँचवर चेरी-पिक करा, म्हणजे तेवढी एकच कमिट तिकडे न्या. तिथे कसोटी कडक असते आणि मोठे बदल घेत नाहीत. एक-दोन दिवसांत डेली बिल्ड निघालं की मूळ तक्रारदाराला ते उतरवून त्याची स्वतःची फाइल उघडायला सांगा. तुम्ही बारीक केलेल्या फाइलीत गेलेला बग त्याच्या ८० पानी अहवालात शिल्लक असल्याचं बऱ्याचदा इथेच कळतं.